आईशी कोण बोलणार?

वाचक लिहितात (पत्र थोडक्यात): मी चौतीस वर्षांची, कल्याणला राहते. भाऊ पुण्याला असतो. आई एकसष्ट वर्षांची आहे, महापालिकेच्या मराठी शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाली. मधुमेह आहे, पण गोळ्यांवर आटोक्यात. दोन महिन्यांपूर्वी तिला डाव्या स्तनात गाठ लागली. बायॉप्सीत कर्करोग निघाला. तो काखेपर्यंत पोचलाय, पण पुढे कुठे पसरलेला नाही. आईला आम्ही ‘गाठीत इन्फेक्शन आहे’ एवढंच सांगितलंय. पंचवीस वर्षांपूर्वी मावशी याच आजारानं गेली, तिचे हाल आईनं जवळून पाहिलेत, त्यामुळे ऐकलं तर ती खचेल. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी आम्हाला जेमतेम सहा मिनिटं दिली. ‘आधी कीमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन, बोर्डात ठरलंय’ म्हणाले. मी नको नको म्हणून खुणावत असताना त्यांनी आईलाच विचारलं, “बाई, तुम्हाला काय झालंय असं तुम्हाला वाटतं?” मी आईला उठवून बाहेर आणलं. मग उपनगरातल्या एका खासगी डॉक्टरांकडे गेलो. ते पाऊण तास बोलले, स्वतःचा मोबाइल नंबर दिला, आईला काही सांगणार नाही असा शब्द दिला. “माझी स्वतःची पद्धत आहे, या वयात मी कीमो सौम्य करूनच देतो,” असंही म्हणाले. पहिल्यांनी फाइल पाहिली, दुसऱ्यांनी माणूस पाहिला. भाऊ मात्र मोठं रुग्णालय सोडू नको म्हणतो. येत्या गुरुवारी तिथे पहिली कीमो आहे. काय करू?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे, बहुधा ओघात लिहून गेलात: ‘गर्दीचा त्रास नको म्हणून आईला दिव्यांगांच्या डब्यातून नेते, टीसीनं विचारलं तर फाइल दाखवते.’ त्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना जाता येतं, आणि तसं डब्यावर लिहिलेलंही असतं. कल्याणहून येताना तास-सव्वा तास तुमची आई त्या डब्यात बसते. तीस वर्षं मुलांना अक्षरं गिरवायला लावलेली बाई आहे ती. तिनं ती पाटी वाचली नसेल?

तुम्हाला टोचावं म्हणून हे लिहीत नाही. मी एकतीस वर्षं याच शहरात कर्करोगाच्या रुग्णांवर उपचार केले. घरच्यांनी ‘त्यांना काही कळू देऊ नका’ म्हणून दाराबाहेर हात जोडावेत आणि आत गेल्यावर रुग्णानं माझा हात धरून ‘घरच्यांना सांगू नका हं, मला कळलंय’ म्हणावं, असं किती वेळा झालं त्याची गणती नाही. तुमच्या आईनं मावशीचं सगळं केलंय. बायॉप्सी, छातीचा स्कॅन, एवढ्या चाचण्या इन्फेक्शनसाठी होत नाहीत, हे तिला उमगलं नसेल असं मला वाटत नाही. ती तुम्हाला सांभाळून घेत असावी.

आता त्या सहा मिनिटांच्या डॉक्टरांकडे येते. त्यांनी मान वर करून पाहिलं नाही, ‘बोर्डात ठरलंय’ म्हणून मोकळे झाले, याचा तुम्हाला राग आला. तो राग रास्त आहे. गर्दी कितीही असली तरी दोन मिनिटं डोळ्यांत बघून बोलता येतं. मी स्वतः ते दरवेळी पाळलं असं नाही, आणि ज्या दिवशी पाळलं नाही ते दिवस मला आजही आठवतात. तरी एक गोष्ट पाहा. त्या सहा मिनिटांत त्यांनी एक प्रश्न विचारला, तोही तुमच्या आईला. रुग्णाला वाईट बातमी कशी सांगावी याची एक सहा पायऱ्यांची पद्धत आम्हा डॉक्टरांना शिकवतात. ती २००० साली वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. शांत जागा शोधून बसल्यावर पहिलं काम असतं ते रुग्णाला काय माहीत आहे हे विचारण्याचं, आणि त्यानंतर त्याला किती माहीत करून घ्यायचंय हे विचारण्याचं. आधी विचारायचं, सांगायचं ते नंतर. तुमच्या डॉक्टरांनी नेमकं तेच केलं. तुम्हाला तो आगाऊपणा वाटला. मला विचाराल तर आतापर्यंत दोन्हीकडे मिळून तुमच्या आईशी झालेलं सगळ्यात आपुलकीचं बोलणं तेच होतं, कारण तोवर सगळे तिच्याबद्दल बोलत होते. तिच्याशी कुणी बोललं नव्हतं.

दुसरे डॉक्टर पाऊण तास बोलले. कुणाशी? पत्रात तुम्ही लिहिलंय की आई तेव्हा बाहेर बाकावर बसून लोकरीचं विणत होती.

त्यांची आपुलकी खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. नंबर देणारा, रात्री फोन उचलणारा डॉक्टर मिळणं हे मोठं भाग्य आहे आणि त्याचा उपयोग नुसत्या दिलाशापुरता नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात ७६६ रुग्णांवर एक अभ्यास झाला. कर्करोग पसरलेल्या आणि कीमो चालू असलेल्या या रुग्णांपैकी काहींना आपले त्रास दर थोड्या दिवसांनी कॉम्प्युटरवर कळवायची सोय दिली. त्रास वाढला की नर्सला लगेच सूचना जायची. बाकीच्यांची नेहमीची पद्धत, पुढच्या भेटीत सांगायचं. २०१७ साली निष्कर्ष आले. वेळच्या वेळी कळवणाऱ्या गटातले निम्मे रुग्ण ३१ महिन्यांहून जास्त जगले, दुसऱ्या गटातले निम्मे २६ महिन्यांहून. कुठलंही नवं औषध नाही, फक्त कुणीतरी ऐकत होतं आणि ऐकून हालचाल करत होतं. म्हणून फोन नंबरची किंमत मी कमी लेखणार नाही. पण त्या नंबरवर आईनं स्वतः फोन करून ‘बोटांना मुंग्या येतात’ असं सांगायला हवं ना? आपल्याला काय औषध चाललंय हेच जिला ठाऊक नाही, ती काय आणि कशाला कळवेल?

मला खरी काळजी वाटते ती ‘सौम्य करूनच देतो’ या वाक्याची.

कीमोचा डोस उंची आणि वजन यांवरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठफळावर ठरतो. रक्तातल्या पेशी फार उतरल्या, यकृत-मूत्रपिंड साथ देत नसलं, हृदय कमजोर निघालं, तर डोस कमी करतात, पुढे ढकलतात, औषध बदलतात. ते करायलाच हवं, आणि का केलं ते फाइलवर लिहायला हवं. पण आजार बरा करण्याच्या हेतूनं कीमो देत असताना निव्वळ वयाचा आकडा पाहून आधीच हात आखडता घेणं वेगळं. मिलानमध्ये डॉ. बोनादोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली स्तनाच्या कर्करोगाच्या जुन्या कीमोबद्दल दाखवून दिलं होतं की ठरलेल्या डोसच्या ८५ टक्क्यांहून जास्त मिळालेल्या बायकांना चांगला फायदा झाला, आणि ६५ टक्क्यांहून कमी मिळालेल्यांना जवळजवळ नाहीच. औषधं तेव्हापासून बदलली, तरी ती सावधगिरी आम्ही विसरलेलो नाही. एकसष्ट हे वय म्हणजे काही पिकलं पान नव्हे. तुमची आई जिना चढते, बाजार करते, स्वयंपाक करते.

कुणी म्हणेल, कमी डोसनं चांगलं झाल्याचीही उदाहरणं आहेत. आहेत. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या बळावलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब हे महागडं औषध तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिलं. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानं १६ टक्के रुग्ण हयात होते, ही मात्रा जोडल्यावर ४३ टक्के. आपल्या लोकांच्या खिशाचा विचार करून केलेलं ते काम मला फार मोलाचं वाटतं. पण ते कुणा एकाच्या मनाला पटलं म्हणून झालं नाही. आधी रुग्णांचे दोन गट केले, मोजलं, तुलना केली, २०२२ साली जगासमोर मांडलं. ‘माझी पद्धत’ आणि तपासून पाहिलेली पद्धत यांत हा फरक आहे.

मग डॉक्टरांनी माणूस पाहून उपचार करायचेच नाहीत का? करायचेच. माझ्या टेबलावर एक वही असायची, फाइलपेक्षा वेगळी. पहिल्या भेटीत मी तिच्यात रोगाचं काही लिहीत नसे. घरी काय म्हणतात, येता कसे, कोणती गाडी पकडता, घरात संडास कुठे आहे, भाकरी कोण करतं, हातानं काय काम करता. नवे शिकाऊ डॉक्टर चुळबुळायचे, बाहेर साठ माणसं बसली आहेत आणि मॅडम संडासाचं विचारतायत. पण कीमोनंतर जुलाब लागले तर चाळीच्या टोकाला असलेल्या सामायिक संडासापर्यंत माणूस रात्री कसा जाईल, हे ठाऊक नसताना मी त्याला घरी कसं पाठवू?

तुमच्या आईचंच घ्या. स्तनाच्या कर्करोगात नेहमी वापरलं जाणारं पॅक्लिटॅक्सेल हे औषध हातापायांच्या नसांना त्रास देतं, बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. मधुमेह असेल तर तो धोका वाढतो. शिवाय त्या औषधाआधी ॲलर्जी येऊ नये म्हणून स्टेरॉइड देतात, त्यानं साखर चढते. आणि आई विणकाम करते. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की डॉक्टर आधीपासून दरवेळी बोटांची विचारपूस करतील, तिचं बटण लावणं, सुईत दोरा ओवणं नीट होतंय ना हे पाहतील, साखरेच्या गोळ्यांचं वेळापत्रक बदलून देतील, गरज पडली तर औषधाच्या वेळा किंवा औषधच बदलतील. माणूस पाहणं मी याला म्हणते. उपचारांचा मूळ आराखडा सगळ्यांना सारखा असतो, आणि तसाच असावा. गरीब-श्रीमंत, ओळखीचा-बिनओळखीचा कुणीही आला तरी शल्यचिकित्सक, कीमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात, तेच ते तुमचं ‘बोर्ड’. तुमची केस तीन शाखांच्या माणसांनी पाहिली आहे, याचा तुम्हाला आधार वाटायला हवा.

एक माझं सांगते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत लालबागचे एक शिंपी माझ्याकडे होते. घरच्यांनी गळ घातली आणि मी मान डोलावली. जखम भरतेय, दिवाळीपर्यंत मशीनवर बसाल, असं मीही हसून सांगितलं. त्यांनी त्यावर विश्वास ठेवून लग्नसराईचे कपडे शिवायला घेतले आणि लोकांकडून आगाऊ पैसे घेतले. दिवाळीच्या आत ते अंथरुणाला खिळले. माझ्यावर ते एकदाही रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “डॉक्टरीणबाई, लोकांचे पैसे घेऊन बसलो ना मी.” ज्या माणसानं आयुष्यात कुणाचा एक रुपया ठेवला नव्हता, त्याला शेवटच्या महिन्यात कर्जदार मी केलं. त्यानंतर घरच्यांनी कितीही हात जोडले तरी मी खोटं बोलले नाही. गप्प बसले, थांबले, रुग्णाला ‘किती सांगू?’ म्हणून विचारलं. काहीजण म्हणाले, ‘तुम्ही पोराशी बोला, मला नको.’ तेही मी पाळलं. पण तो निर्णय त्यांचा होता.

आता गुरुवारच्या आत काय करायचं ते.

आईशी बोला, शक्यतो उद्याच, आणि घरी. गाडीत नको, रुग्णालयाच्या बाकावर तर नकोच. सकाळचा चहा झाला की तिच्याजवळ बसा आणि डॉक्टरांचाच प्रश्न विचारा, “आई, तुला काय वाटतं, काय झालंय?” आणि मग गप्प राहा. गप्प राहणं फार जड जाईल. ती कदाचित रडेल, कदाचित ‘मला माहितीये गं’ म्हणून भाजी निवडायला घेईल. ‘काही होणार नाही’ असं घाईनं म्हणू नका. तिला माहीत करून घ्यायचं असेल तर शब्द स्पष्ट वापरा: कर्करोग आहे, काखेपर्यंत आलाय, पुढे गेलेला नाही, आणि बरा करण्याच्या हेतूनंच उपचार करायचेत. मावशीचं ती काढणारच. तेव्हा सांगा की उलट्या थांबवणारी औषधं त्या काळापासून फार पुढे गेली आहेत, आणि तिचा नेमका रिसेप्टर रिपोर्ट, म्हणजे गाठीच्या पेशी कोणत्या औषधांना दाद देतील ते सांगणारा अहवाल, पाहून औषधं ठरतात. पंचवीस वर्षांपूर्वीची भीती ती मनात एकटीच घेऊन बसली आहे. तुम्ही विषयच काढला नाहीत तर ती भीती कोण खोडून काढणार? शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात केस गळू लागतील तेव्हा इन्फेक्शनची गोष्ट टिकणारच नाही. आणि कीमोच्या संमतीपत्रावर सही आईची लागते. ती वाचल्याशिवाय सही करणाऱ्यांतली वाटत नाही.

डॉक्टर कुठले, हे तिच्याशी बोलून ठरवा. दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं मनात असेल तर आधी त्यांना मोकळेपणानं विचारा, त्यात त्यांचा अपमान नाही. कोणती औषधं, किती वेळा, पूर्ण डोस की कमी, कमी तर नेमकं कशामुळे, हे कागदावर लिहून मागा. ऑपरेशन आणि रेडिएशन करणाऱ्या डॉक्टरांशी त्यांची चर्चा झाली आहे का? रात्री ताप आला तर भरती कुठे करायचं? नॅशनल कॅन्सर ग्रिड म्हणून देशभरातल्या कर्करोग केंद्रांचं जाळं २०१२ पासून आहे, त्यांची मार्गदर्शक तत्त्वं कुणालाही पाहता येतात. तुमचा आराखडा त्याला धरून आहे का, हेही विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी सुखावतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर तो दवाखाना योजनेत आहे का ते आधी बघा. सगळ्यात शेवटी विचारा, “आईशी तुम्ही स्वतः बोलाल ना?” दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. फक्त रिपोर्टबरोबर बायॉप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड्स, म्हणजे गाठीचे जपून ठेवलेले नमुने, मागून घ्या, आणि या फेऱ्यांत आठवडेच्या आठवडे घालवू नका.

मोठ्या रुग्णालयात राहणार असाल तर डॉक्टरांकडून जे मिळणार नाही ते इतरांकडून मिळवा. तिथे समाजसेवा विभाग असतो, डे-केअरच्या, म्हणजे कीमो देऊन त्याच दिवशी घरी सोडतात त्या विभागाच्या, सिस्टर असतात. माझ्या अनुभवात रुग्णाचं नाव, नातवाची परीक्षा आणि कुठल्या हाताची शीर सापडते, हे सगळं लक्षात ठेवणाऱ्या त्याच. त्यांच्याकडून चोवीस तास लागणारा फोन नंबर घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. खाली लिहा: ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, लगेच फोन, सकाळची वाट पाहायची नाही. कीमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, तेव्हा तर विशेष. नवा थर्मामीटर आणा, घरातला जुना बिघडलेला असू शकतो. डॉक्टरांना भेटताना तीन प्रश्न लिहून न्या, तीनच, आणि ते आईच्या अक्षरात असू देत. सहा मिनिटांत तीन प्रश्न नीट होतात.

आणि हो, भावाला पहिल्या कीमोला बोलवा. पुण्याहून सल्ला देणं सोपं असतं. डे-केअरच्या खुर्चीशेजारी चार तास बसलं की बोलणं आपोआप बदलतं.

एक प्रश्न मी सुचवते. गाठ डाव्या बाजूला आहे, त्यामुळे सुई उजव्या हाताला लावतील. म्हणजे सलाइन चालू असताना तिला विणता येणार नाही, आणि पुढच्या कित्येक महिन्यांत त्या हाताच्या शिराही खराब होतील. त्याऐवजी गळ्याखाली त्वचेच्या आत औषध सोडण्यासाठी बसवतात तो कीमो पोर्ट तिला चालेल का, त्याचा खर्च काय, पहिल्या कीमोच्या आधी बसवता येईल का, हे विचारायला हवं. पण तुम्ही विचारू नका. डॉक्टरांनी तिला आधीच एक प्रश्न विचारून ठेवलाय, त्याचं उत्तर द्यायला ती आत जाईल तेव्हा तिलाच विचारू द्या. विणायची पिशवी तिच्या हातात असू दे.